कोपऱ्यावर थांबणारा ताल

दादाच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्तीला आलं की तो ते लगेच उघडत नाही. स्टूल ओढतो, चाक फिरवतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. बॉबिन सैल असली की एक आवाज येतो, पट्टा झिजला असला की दुसरा. मालकिणीने चार वर्षं तेलाचा थेंब घातला नसेल तर तिसराच येतो, आणि त्यात मशीनपेक्षा मालकिणीबद्दल जास्त कळतं. "कानाने दुरुस्त करतो हा माणूस," असं लोक कौतुकाने म्हणतात. दादा हसून मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा! ज्याचे कान एवढे तयार आहेत त्याने बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या बहिणीचं काय ऐकलं आणि काय ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते त्याला पक्कं आठवत असतं, म्हणून ती मान खाली जाते.

हे दुकान म्हणजे पूर्वीची आईची शिवणाची खोली. पुढे आईचं पायमशीन, मध्ये पडदा, आणि पडद्यामागे तीन पोरं. थोरला हा दादा. मधली भिंगरी, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. धाकटा घुम्या, कारण तो बोललेला कुणी ऐकला नव्हता. वडील घुम्या रांगत असतानाच गेले. तेव्हापासून घरात पुरुषाचा आवाज म्हणजे दादाचा, आणि तो आवाज दादाने जरा जास्तच मनावर घेतला होता.

गिटार घरात आली ती एका गिऱ्हाइकीणबाईंच्या माळ्यावरून. त्यांचा मुलगा दूर गेला आणि गिटार धूळ खात पडली, तेव्हा एक दिवस ब्लाउजाच्या कापडाबरोबर त्यांनी तीही आणून ठेवली. गल्लीच्या टोकाला एक न्हावी होता. तरुणपणी तो जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचा. दादा महिन्यातून तीनदा केस कापायला जाऊ लागला. वर्षभर त्याच्या डोक्यावर बोटात धरण्याएवढा केस उरला नव्हता, पण बोटांना एकेक कॉर्ड सापडत गेली. पुढे त्याच न्हाव्याने जुनी बेस गिटार दिली. ती दादाने घुम्याच्या हातात ठेवली. "घे. हिला चारच तारा आहेत. तुला तसंही बोलायचं कमीच असतं." घुम्याने मान डोलावली. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

भिंगरीला मात्र कुणी काही शिकवलं नाही. ती बटणांचे पत्र्याचे डबे उपडे करायची, मोडक्या मोजपट्टीचे दोन तुकडे घ्यायची आणि आई पुढे शिवत असताना मागे वाजवत बसायची. म्हणजे बसायची ती तेवढ्यापुरतीच. आईचं मशीन चाललं की हिचे हात चालले, ते थांबलं की हिचे थांबले. आता, शिवणारीचा पाय कसा चालतो ते ज्याने ऐकलंय त्याला हे सांगायला नको. सरळ टीप सुरू झाली की पाय हळूहळू रंगात येतो आणि धावायला लागतो. मग कोपरा येतो. कोपऱ्यावर सुई कापडातच रुतवून ठेवायची, कापड धरून ठेवणारा दाब वर उचलायचा, खट्, कापड वळवायचं, दाब खाली, खट्, आणि पुन्हा सुरू. भिंगरीचा ताल तस्साच होता. कडव्यात ती धावायची, कडवं संपताना एक श्वास थांबायची, ड्रमच्या कडेवर दोनदा खट्-खट् करायची आणि मग धृपदात शिरायची. ड्रमचा खराखुरा सेट आला तेव्हा त्याच्या पायडलचा पट्टा आठ दिवसांत तुटला. आईने मशीनचा जुना चामडी पट्टा कापून दिला. तो चपखल बसला आणि अजून आहे.

बँडचं नाव घुम्याने ठेवलं. त्याने उच्चारलेला तो बहुधा त्या वर्षीचा एकमेव शब्द असावा: "उसवण." आई हातातली कात्री खाली ठेवून म्हणाली, "मी जन्मभर टाके घालते आणि तुम्ही नाव ठेवता उसवण! चांगले पांग फेडलेत." पण पहिल्या कार्यक्रमाला ती सभागृहात पहिल्या रांगेत होती. कोपरा आला की तिचा उजवा पाय खुर्चीखाली थांबत होता. दादाने तो स्टेजवरून पाहिला होता. म्हणजे भिंगरीचा ताल कुठून आला ते त्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

भिंगरी चोवीस वर्षांची होती तेव्हा त्यांना गाणं रेकॉर्ड करायला बोलावणं आलं. गाणं होतं घराची किल्ली हरवलेल्या माणसाचं. दादाने लिहिलेलं, दादाने गायलेलं. स्टुडिओत काचेपलीकडे बसलेल्या आवाजवाल्याने भिंगरीकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं. मग ती पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा त्याने दादाला आत बोलावलं. "गिटार छान आहे. बेस पण ठीक. ड्रम मात्र पळतो आणि मध्येच थांबतो. घरच्या घरी शिकलीय का ती?"

ते 'घरच्या घरी' दादाला झोंबलं. त्याला वाटलं, या माणसाला आपली खोली दिसली, पडदा दिसला, बटणांचे डबे दिसले. तो घाईघाईने म्हणाला, "काही करता येईल का?"

"सगळं करता येतं. तिचेच ठोके घेतो आणि कॉम्प्युटरवर सरळ रेषेत बसवतो. मधलं ते थांबणंही काढतो. तिला कळणारसुद्धा नाही."

"काढा," दादा म्हणाला. "आणि आधीचं पुसून टाका." तिथेच कोपऱ्यात बेस पुसत बसलेल्या घुम्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आठवड्याने गाणं हातात आलं. भिंगरी ऐकत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. "अरे, माझं खट्-खट् कुठे गेलं?"

"शेवटच्या वेळी तू थांबलीच नाहीस," दादा म्हणाला. "सातव्या वेळी. म्हणून तर तीच घेतली. काय सरळ वाजवलंस! कमाल केलीस."

"सात वेळा? मला वाटलं सहा झाल्या."

"सात."

"असेल बाबा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. आपण इतकं सरळ वाजवू शकतो याचा तिला एवढा आनंद झाला की दादाला क्षणभर वाटलं, आपण तिचं भलंच केलं.

संध्याकाळी आईने ऐकलं. हातातलं काम बाजूला ठेवून, पूर्ण ऐकलं. "गोड आहे," ती म्हणाली. "पण ही भिंगरी वाटत नाही."

"तुला काय कळतं त्यातलं!" दादा फाडकन बोलला. आईने मशीनचं चाक फिरवलं आणि राहिलेली टीप मारायला घेतली. पुढे काही वर्षांनी ती वारली, आणि आपलं ते वाक्य दादापाशीच राहिलं. परत कुणाला करायचं ते?

गाणं एक मोसमभर गाजलं. मग ओसरलं, बँडही ओसरला. घुम्या दुसऱ्या गावी बंदरावर क्रेन चालवायला लागला. उंच केबिनमध्ये दिवसभर एकटा, म्हणजे हवं तेच मिळालं त्याला. भिंगरी एका मोठ्या रुग्णालयाच्या कपडेखोलीची प्रमुख झाली. चादरी, अभ्रे, गाऊन, सगळं तिच्या नजरेखालून जातं आणि एकही अभ्रा हरवत नाही, कारण तिची मोजणी कधी चुकत नाही. दादा मशीन दुरुस्त करू लागला. आईचं पायमशीन त्याने दारापाशी तसंच ठेवलं. गिऱ्हाइकं विचारायची, विकायचंय का? तो मानेनेच नाही म्हणायचा.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. दुकानातल्या रेडिओवर 'ते' गाणं लागलं की दादाला एकदम स्टेशन बदलायची आठवण व्हायची. भिंगरीचे ड्रम त्याने मागच्या खोलीत ठेवून घेतले, पायडलला दर महिन्याला तेल द्यायचा. तिच्या कपडेखोलीतले उसवलेले अभ्रे तो फुकट शिवून द्यायचा. नवऱ्यासमोर ती हसून म्हणायची, "माझा दादा फारच गोड वागतो हो माझ्याशी. नक्की काहीतरी करून बसलाय." सगळे हसायचे. दादाही हसायचा, आणि त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. एकदा फोनवर घुम्या आपण होऊन बोलला, म्हणजे बघा! "मी सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. नशीब तुझं, मला कुणी काही विचारत नाही."

दर रविवारी भिंगरी मागच्या खोलीत यायची. कानाला हेडफोन लावायची आणि त्या गाण्याबरोबर वाजवायची. बावीस वर्षं. इतर बायका चालायला जातात तशी ही वाजवायला यायची. दादा पुढे बसून ऐकायचा. पडद्याआडून नुसते ड्रम यायचे, आणि दर वर्षी ते थोडे जास्त सरळ व्हायचे. फक्त कडव्याच्या शेवटी एका जागी हात किंचित अडखळायचा. तिथे ती "शी!" म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आणि या वर्षी त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाचं ते जुनं सभागृह डागडुजी होऊन पुन्हा उघडणार होतं. तिथल्या जुन्या मंडळींनी 'उसवण'ला बोलावलं. एकच गाणं, तेच. घुम्याने रजा टाकली. भिंगरी रोज ड्यूटी संपली की यायला लागली. महिनाभर रोज तेच: वाजवणं, अडखळणं, "शी!", पहिल्यापासून.

एका गुरुवारी दुपारी ती अभ्र्यांचं गाठोडं घेऊन आली. दादापुढे ठेवलं आणि चक्क स्टुलावर बसली. भिंगरी बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे दादाला लगेच कळलं.

"हे चाळीस आहेत. काठ उसवलेत," ती म्हणाली. "आणि ऐक, मी मंडळींना 'जमणार नाही' म्हणून कळवणार आहे. शनिवारी एक माणूस येतोय ड्रम न्यायला. त्याच्या मुलीला शिकायचंय."

"का पण?"

"हात म्हातारे झाले, दादा. त्याच जागी अडखळतात. डॉक्टरला दाखवले, ते म्हणतात हात ठणठणीत आहेत. मग डोकं गेलं असेल. चोविसाव्या वर्षी मी जे एका झटक्यात वाजवलं, ते बावीस वर्षं घासूनही मला येत नाही. माझी मलाच गाठता येत नाही रे." ती हसायला गेली पण तिला जमलं नाही. "लोकांसमोर शोभा कशाला? नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणू नये. मला येत नाही, संपलं."

दादाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला. किती सोपं होतं आता! ड्रम गेले, कार्यक्रम गेला, की विषयच मिटला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने फक्त "तुझी मर्जी" एवढं म्हणायचं होतं. बावीस वर्षं ज्याची भीती होती ते भूत आपल्या पायांनी घराबाहेर निघालं होतं, आणि जाताना बहिणीचे हात घेऊन चाललं होतं. दादाला स्वतःची एवढी किळस आधी कधी आली नव्हती.

"ती तू नाहीस," तो म्हणाला.

"कोण मी नाही?"

"त्या गाण्यातली. ते तू वाजवलेलंच नाहीस. तुझे ठोके कॉम्प्युटरने सरळ बसवलेत. तुझं थांबणं काढून टाकलं. मी काढायला सांगितलं." एवढं बोलून तो थांबला नाही. थांबला असता तर पुढचं कधीच बोलला नसता. "जिथे अडखळतेस ना, तिथे तू अडखळत नाहीस. तिथे कोपरा होता तुझा. हात अजून तिथे वळायला थांबतो."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, काढली, निघून गेलं. मग भिंगरीने विचारलं तेही भलतंच.

"सातवी वेळ?"

"नव्हती. सहाच होत्या."

"मी मोजल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "मला सहाच आठवत होत्या. तू सात म्हणालास म्हणून मी सात धरल्या. मला वाटलं, दादा कशाला चुकेल? तेव्हापासून मी सगळं दोनदा मोजते, ठाऊक आहे? चादरी, अभ्रे. बायका हसतात मला. मला वाटायचं माझी मोजणी कच्ची आहे."

हे दादाला माहीत नव्हतं. त्याने एकच गोष्ट पुसली, अशी त्याची समजूत होती.

"त्या सहा कुठे आहेत?"

"पुसल्या."

"आईने ऐकलं होतं गाणं?"

"ऐकलं होतं. म्हणाली, ही भिंगरी वाटत नाही."

"आणि तू?"

"तुला काय कळतं, म्हणालो."

ती ताडकन उठली. दादाला वाटलं गेली, आता परत यायची नाही. पण ती पडद्यामागे गेली. ड्रमवरची चादर ओढल्याचा आवाज आला, आणि हेडफोनशिवाय ती वाजवायला लागली. कडवं, अडखळणं. पुन्हा कडवं. पुन्हा. यावेळी "शी!" नव्हतं, त्या जागी ती आता मुद्दाम थांबत होती. पण बाकीचे ठोके स्वच्छ होते, एका मापाचे, कुठेही पुढे-मागे नाहीत. कॉम्प्युटरनेसुद्धा बोट तोंडात घातलं असतं. दादाला ते ऐकवेना.

पडदा बाजूला झाला. भिंगरीच्या हातात काठ्या होत्या आणि डोळ्यांत पाणी. "थांबता येतंय," ती म्हणाली. "धावता येत नाही. बघ ना, किती प्रयत्न केला. हात सुटतच नाहीत. मीच घासून घासून घालवलं रे ते. अंगण तू वाकडं केलंस आणि नाच मी माझा मोडला."

"भिंगरे, मला माफ..."

"गप. एक शब्द बोलू नकोस. आईच्या मशीनवर बस."

दादा बसला. पाय ठेवले, चाकाला हात दिला. मशीन चालू झालं, एकसारखं, तक्रारीची जागा शोधणाऱ्या मिस्तरीचं चालवणं.

"असं नको! रिकामं चालवून काय कळणार? कापड लाव. कापडाशिवाय कोपरा कुठून येईल?"

त्याने गाठोडं सोडलं, एक अभ्रा घेतला, उसवलेला काठ दुमडला आणि सुई उतरवली. सुरुवातीला पाय धजत नव्हता. मग सरळ टीप लागली, कापड आपसूक पुढे सरकू लागलं, आणि पाय, त्याच्याही नकळत, रंगात आला. मागून ड्रम सुरू झाले. ते सरळ चालले होते आणि मशीन त्यांच्यापुढे निघून गेलं. पहिला कोपरा आला: खट्, कापड वळलं, खट्. ड्रम कोपरा ओलांडून भलतीकडेच गेले होते. दुसऱ्यालाही तेच. चौथ्या अभ्र्याला दादाच्या मानेला घाम सुटला, टिपा वाकड्या जायला लागल्या. आईने पाहिलं असतं तर उसवायला लावलं असतं. पाचव्यात, लांब काठावर, मागचे ठोके क्षणभर सैल झाले आणि मशीनच्या मागे पळाले. दोघंही घसरणीवरून सुटल्यासारखे कोपऱ्यावर एकदम पोचले. मशीन थांबलं. ड्रम थांबले. एक श्वास.

खट्-खट्, मागून आलं.

दादाला पुढचं कापड दिसेना. तो डोळे पुसत राहिला आणि पाय थांबला.

"थांबलास का?" पडद्यामागून आवाज आला. "माफ केलंय असं समजू नकोस हं. शनिवारच्या त्या माणसाला तू फोन करायचास, मी नाही. काय सांगायचं ते तुझं तू बघ, खोटं बोलायची सवय आहेच तुला. आणि घुम्याला सांग, गाणं माझ्या चालीने होणार. जमलं तर तुम्ही दोघं माझ्या मागे या."

"हो," दादा म्हणाला. त्याने आणखी एक अभ्रा शिवला. चार कोपऱ्यांपैकी दोनांवर ती त्याच्याबरोबर पोचली, दोनांवर नाही.

"किती झाले रे?" तिने विचारलं.

दादाची नजर पायाशेजारच्या ढिगाकडे जात होती. त्याने ती आवरली.

"तू सांग."

"सहा."

"सहा," दादा म्हणाला, आणि त्याने पुढचा अभ्रा घेतला.